कंपवात: गोळी वेळेवर घेऊनही दुपारी पाय अडतात, डोस वाढवून मागायचा का?

कृष्णाकाठ:
आई, वय ६८, पार्किन्सन्सचं निदान होऊन ६ वर्षं. लेवोडोपा-कार्बिडोपा १००/२५ ची एकेक गोळी सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ ला. हाताची थरथर आता फारशी नाही. पण साडेबारानंतर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः न्हाणीघराच्या दारात. २ ची गोळी जेवण झाल्या झाल्या घेते, तरी साडेतीनशिवाय फरक पडत नाही. खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, पोट चार-चार दिवस साफ नाही, झोपेत ओरडते आणि हात झाडते. हे सगळं कंपवाताचंच का? डोस वाढवून मागू का? एका नातेवाइकांनी खाजकुइलीचं चूर्ण सुचवलंय, ते सुरू करावं का?

फार्मसी_ठाणे:
हो, सगळं याच आजारात बसतं, पण सगळ्याला एकच गोळी लागू पडत नाही. म्हणून डोसाचं बोलण्याआधी घड्याळ बघा.

लेवोडोपापासून मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन, बनतं. पण लेवोडोपा रक्तात फार टिकत नाही, दीड तासात निम्मी होते. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतल्या उरलेल्या पेशी डोपामिन साठवून ठेवतात, त्यामुळे सहा तासांचं अंतर खपून जातं. पुढे साठा कमी होतो आणि गोळी संपली की अंगही थांबतं. ८ ची गोळी साडेबाराला उतरतेय, म्हणजे ती साडेचार तास पुरते आणि तुमचं अंतर आहे सहाचं. इथे बहुधा प्रत्येक गोळी मोठी करण्यापेक्षा दोन गोळ्यांमधलं अंतर कमी करणं जास्त उपयोगी पडतं. मात्र हा बदल न्यूरोलॉजिस्टनेच करायचा. मनाने गोळी वाढवू नका आणि अचानक बंद तर कधीच करू नका. एकदम बंद केल्यास अंग लाकडासारखं ताठतं, जोराचा ताप चढतो आणि जिवावर बेतू शकतं.

२ च्या गोळीची गोष्ट वेगळी. वरण, उसळ, दही, अंडी यांतली प्रथिनं आतड्यातून आत जायला तीच वाट वापरतात जी लेवोडोपा वापरते. मेंदूच्या दारातही तीच गर्दी. शिवाय भरलेलं पोट गोळी खाली सोडतच नाही. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान एक तासाने, बसून, पेलाभर पाण्याबरोबर. मळमळ होत असेल तर सोबत कोरडी पोळी किंवा दोन कुरमुरे चालतील, दूध नको. प्रथिनं तोडायची नाहीत, नाहीतर वजन उतरतं. दुपारी भाकरी-भाजी-भात आणि वरण-उसळ रात्रीच्या जेवणात, एवढा फेरफार पुष्कळ झाला.

खाजकुइलीच्या बियांत खरोखरच लेवोडोपा असतं, तोच तर धोका! चमच्यात किती गेलं हे कळत नाही आणि सोबत कार्बिडोपा, म्हणजे लेवोडोपा मेंदूत पोचण्याआधीच वाया जाऊ न देणारं औषध, नसतं. गोळ्यांवर चूर्ण चढवलं की मळमळ, रक्तदाब उतरणं, अंगाच्या नको त्या वळवळी सुरू होऊ शकतात. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको.

फिजिओ_मिरज:
पाय अडण्याबद्दल. आधी एक तपासा: गोळी चढल्यावर, म्हणजे तासाभराने, दारात अडणं थांबतं का? थांबत असेल तर ते औषध उतरल्याचं. पूर्ण चढलेली असतानाही अडत असेल, तर डोस वाढवून सहसा सुटत नाही. तिथे युक्ती लागते.

अडल्यावर हात धरून पुढे ओढू नका. वरचं अंग पुढे जातं, पाय तिथेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. तिला थांबू द्या, कंबर सरळ, श्वास सोडायचा. मग वजन डाव्या-उजव्या पायावर दोन-तीनदा झुलवायचं आणि एक मोठं पाऊल टाकायचं. न्हाणीघराच्या दाराआधी आणि दारात जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावा, चालण्याच्या दिशेला आडव्या, तिच्या पावलाएवढ्या अंतरावर, साधारण ४५ सेंमी. ‘चाल’ म्हणण्याऐवजी ‘पट्टी ओलांड’ म्हणा. आपोआप चालण्याचं केंद्र अडतं, पण डोळ्यांनी बघून ठरवून टाकलेलं पाऊल दुसऱ्या वाटेने येतं, म्हणून पट्टी चालते. त्या वेळी तिच्याशी दुसरं बोलू नका, हातात तांब्याही नको. वळताना जागच्या जागी गिरकी नाही, अर्धगोल घ्यायचा. दारातलं काथ्याचं पायपुसणं आजच काढा, त्याच्या उचललेल्या कडेत घसटणारं पाऊल हमखास अडकतं.

निशाचर:
अंधारीसाठी घरच्या घरी मोजा: पाच मिनिटं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. आजार आणि लेवोडोपा दोन्हींनी असं होतं, आणि जोडीला रक्तदाबाची जुनी गोळी चालू असेल तर ती आता जास्त होत असू शकते. आधी काठावर बसून पोटऱ्या हलवायच्या, मग उठायचं.

पोट साफ नसणं दुय्यम समजू नका. तुंबलेलं पोट गोळीही उशिरा पोचवतं. इसबगोल द्याल तर भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर उलट गोळा होतो. झोपेतलं ओरडणं म्हणजे स्वप्नातली हालचाल प्रत्यक्ष अंगाने होणं. हे कित्येकदा थरथरीच्या आधी काही वर्षं सुरू झालेलं असतं. पलंगाजवळचं टेबल आणि काचेचा दिवा हलवा. झोपेतल्या या हालचालींवर औषध आहे, डॉक्टरांना विचारा.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल, सिनारिझिन, फ्लुनारिझिन नको. उलटी, चक्कर, भ्रम यांवर ही सर्रास लिहिली जातात आणि डोपामिन अडवून कंपवात वाढवतात.

कृष्णाकाठ:
मनापासून आभार. सकाळची गोळी दुधातल्या नाचणी सत्त्वासोबत जाते, आणि लोहाची गोळी २ च्याच गोळीबरोबर. तेही चुकतंय का?

फार्मसी_ठाणे:
दोन्ही हलवा. लोह लेवोडोपाला बांधून ठेवतं, किमान दोन तासांचं अंतर हवं. सध्याच्या वेळा पाहता रात्री साडेदहा सोयीचं. सत्त्व सकाळी साडेनऊला. मग तीन दिवस कागदावर सकाळी ६ ते रात्री १० अर्ध्या-अर्ध्या तासाची ३२ घरं आखा. प्रत्येक घरात चालू (गोळी चढलेली), बंद (गोळी उतरलेली), वळवळ किंवा झोप, आणि गोळी-जेवणाची वेळ वेगळ्या शाईने. भेटीच्या दिवशी तो कागद आधी पुढे करा.