मदत हवी आहे: घुमट आरतीच्या साउंडला एन्हान्सर लावावा का?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या फोंड्याचा. आमचं घुमट आरतीचं पथक आहे, घुमट (चामडं ताणलेलं मातीचं मडकं), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळे (झांजा) आणि म्हणणारे चार-पाच जण. देवळाच्या मंडपात सिस्टीम बरी असते पण आरतीचे शब्दच कळत नाहीत, घुमटाचा घुमारा सगळं खाऊन टाकतो आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दमट हवेत चामडं सैल पडलं की आवाज आणखीच बसका होतो, वरून कासाळे कानात टोचतात. आता आमच्यातल्या एकाला सेकंडहँड बीबीई सॉनिक मॅक्सिमायझर, म्हणजे आवाज उजळ करणारं एन्हान्सर यंत्र, मिळतोय, म्हणतो सिस्टीमच्या रॅकमध्ये टाकूया.

मला समजलंय ते असं: अशाच कामाचा अ‍ॅफेक्स कंपनीचा ऑरल एक्सायटर, जो ७०च्या दशकात स्टुडिओंना भाड्याने देत, तो वरच्या पट्टीत नवीन हार्मॉनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) बनवून मूळ आवाजात मिसळतो, बीबीई खालच्या फ्रिक्वेन्सी किंचित उशिरा सोडतो आणि वरचा भाग उचलतो. दोन्हींनी आवाज उजळतो. पण उघडे माइक, समोर मॉनिटर, मग सिस्टीम शिट्टी मारणारच (फीडबॅक) ना?

लाइव्हला मेन आउटवर, म्हणजे सगळ्या आवाजावर, लावायचा की फक्त गळ्याच्या माइकच्या ग्रुपवर इन्सर्ट करायचा (मध्ये जोडायचा)? की आधी गळ्याच्या माइकना लो-कट देऊन (खालचा घुमारा कापून), माइकची जागा बदलून बघू? मला तरी तेच पहिलं वाटतं.

दुसरं, चवथीआधी रेकॉर्डिंग करायचंय. तिथे साधं रेकॉर्ड करून मिक्समध्ये वेगळ्या बसवर (मिक्सरमधल्या वेगळ्या वाटेवर) थोडा एक्सायटर मिसळावा असं माझं मत, कारण रेकॉर्डिंगमध्येच घातला तर नंतर काढता येत नाही. घुमट, पखवाज असलं रेकॉर्ड केलेल्यांनी कृपया सांगा, मनापासून विचारतोय.