चर्चा: लहान घराला नुसत्या पावतीवर बांधकाम करू द्यावं का?

वाडीवरचा:
डिसेंबर 2020 च्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीने मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्रात 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला मोकळीक दिली. परवानाधारक इंजिनिअरने नकाशा प्रमाणित करायचा, शुल्क भरायचं, पावती हीच परवानगी. 150 ते 300 पर्यंत मात्र 10 दिवसांत मंजुरी, तीही कागदावर. माझ्या भावाचा प्लॉट 200 चा. सातबारा, मोजणी नकाशा, सगळं दिलं, तरी दर वेळी नवी त्रुटी निघते. भाड्याच्या घरात राहून तो सिमेंटचे भाव बघत बसलाय. 300 पर्यंत पावतीच पुरे, असं माझं ठाम मत.

सिव्हिलवाला:
साफ विरोध. मी हीच कामं करतो. नकाशात सामासिक अंतर (घराभोवती हद्दीपर्यंत सोडायची मोकळी जागा) सोडलेलं असतं आणि साइटवर जिना शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेला. जोतं (पायावरचा चौथरा) झालं की काही हलवता येत नाही, म्हणून जोते तपासणी हवीच. ठाण्याजवळ शीळ फाट्याला 4 एप्रिल 2013 ला इमारत कोसळून 74 माणसं गेली, ती विनापरवाना होती.

वाडीवरचा:
तो बिल्डरचा टॉवर होता हो, माझ्या भावाचं दोन खोल्यांचं घर नव्हे! आणि महाडची तारिक गार्डन? ऑगस्ट 2020, 16 बळी. बिल्डरसोबत पालिकेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. शिक्के होते, तरी पडलीच ना?

एक_गुंठा:
तुम्ही दोघं मालकीच्या कागदापासून सुरुवात करताय. आम्ही गुंठेवारीवाले, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले गुंठा-गुंठ्याचे तुकडे घेतलेले, तिथेच अडतो. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट उघडली, पण विकास शुल्क एकरकमी आणायचं कुठून? आधी हप्ते द्या. घर नियमित झाल्याशिवाय वरची खोली कायदेशीर बांधता येत नाही, मग लोक रात्रीत स्लॅब टाकतात. तो स्लॅब कोण तपासणार?

सिव्हिलवाला:
@एक_गुंठा, हप्त्यांचं पटलं. रात्रीचा स्लॅब मी पाहिलाय, सळई नीट बांधलेली नसते, पाणी मारत नाहीत.
@वाडीवरचा, महाडमुळे तर तपासणी कडक हवी. पावतीवर काम सुरू करा, पण जोत्याला माणूस आलाच पाहिजे.

वाडीवरचा:
जोत्याला हरकत नाही. पण साहेब अमुक तारखेला येणार हे पावतीवरच छापा, आणि नाही आले तर इंजिनिअरचा दाखला ग्राह्य धरा. गवंडी बसून राहिला तर त्याची मजुरी भावालाच द्यावी लागते.