एटीसीची व्हॉइस टेस्ट आणि माझं अडखळणं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी टिंगरेनगरला राहतो. सुखोई उडालं की टीव्हीवरचं काही ऐकू येत नाही, आई वैतागते, आणि मी गच्चीवर पळतो. बी.एस्सी. फिजिक्स झालंय, सध्या हिंजवडीत सपोर्टची नोकरी. वय २५ पूर्ण. विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनियर एक्झिक्युटिव्ह (एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण) पदाला २७ ची अट आहे, मी ओपनमधला, आणि जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही. म्हणजे हातात फार तर दोन संधी.

लेखीचं टेन्शन नाही. १२० प्रश्न, १२० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. भीती आहे ती त्यानंतरच्या व्हॉइस टेस्टची, कारण मी बोलताना अडखळतो. 'प' आणि 'क' वर. रिक्षावाल्याला 'पुणे स्टेशन' सांगायचं असलं की मी नुसतं 'स्टेशन' म्हणतो.

गंमत म्हणजे नेटवरची परदेशी टॉवरची रेकॉर्डिंग लावून पायलटसारखा रीडबॅक देतो (म्हणजे टॉवरची सूचना जशीच्या तशी परत म्हणतो) तेव्हा एकदाही अडत नाही. 'फाइफ थाउजंड', 'नायनर' (रेडिओवरचे फाइव्ह आणि नाइन), सगळं सुरळीत. तेवढ्यात बाबांनी दार ढकलून "जेवतोस का रे?" विचारलं की माझं 'प... प... पाच मिनिटं' सुरू.

टेस्टला नेमकं काय बघतात? आधीच सांगून टाकू का? एक मित्र म्हणतो, टॉवर झेपत नसेल तर फ्लाइट इन्फर्मेशन नाहीतर ॲडव्हायजरी सेवेला जा, तिथे कमी बोलावं लागतं. खरं आहे का? (आईने तर माझं पोस्टिंग लोहगावला करूनही टाकलंय.)

जुना_टॉवरवाला:
आधी आईंना सांगा, लोहगाव हवाई दलाचा तळ आहे आणि तिथलं एटीसीही हवाई दलच बघतं. प्राधिकरणाकडे टर्मिनल. तुमचं ट्रेनिंग प्रयागराज, हैदराबाद नाहीतर आपल्या गोंदियाला, पुढे पाठवतील तिकडे.

मित्राचं काही खरं नाही. इन्फर्मेशनची वेगळी भरती नसते, कंट्रोलर तोच. फरक आहे अधिकाराचा. नियंत्रित हद्दीत आपण क्लिअरन्स (परवानगी) देतो, पायलटने ती पाळायची. इन्फर्मेशनमध्ये हवामान, आसपासची माहीत असलेली विमानं, बंद धावपट्टी एवढं कळवायचं, निर्णय त्याचा. ॲडव्हायजरी या दोन्हींच्या मधली: 'असं कर' नाही, 'असं केलेलं बरं'. तो मानतो की नाही, तेही त्याने सांगायचं. बोलणं कुठेच कमी नाही.

आता अडखळण्याचं. फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तुम्ही बटण दाबून 'प' वर अडकलात तर बाकीचे तेवढा वेळ गप्प. म्हणून हे बघतात, तुम्हाला हिणवायला नव्हे. आणि ठरलेली वाक्यं पाठ असून भागत नाही. पुढे इंग्रजीची आयसीएओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) लेव्हल किमान ४ लागते. त्यात ओघ तपासतात, आणि अनपेक्षित काही घडलं तर साध्या इंग्रजीत बोलता येतं का तेही. म्हणजे तुमच्या बाबतीत रीडबॅक नाही, बाबांचं दार हीच खरी परीक्षा. लपवू नका, दोन मिनिटांत कळतं.

धनकवडीकर:
भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचं कॉलेज आहे आमच्याकडे. माझा भाचा जायचा. फरक पडायला महिने लागतात, जाहिरातीची वाट बघत बसू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. टॉवरवाले काका, दाराचं पटलं. बाबांना आता न ठोठावताच यायला सांगितलंय.

धनकवडीला आज फोन केला. 'पत्ता' वर अडकलो. पलीकडच्या बाई थांबल्या, मध्ये बोलल्या नाहीत. शनिवारी अकराची वेळ मिळाली आहे.