कोप्रायनसच्या जुन्या नोंदी आता कोणत्या कुलात?

पानथळ:
जुन्या ओळखतक्त्यात शाई होऊन वितळणाऱ्या सगळ्या अळिंब्या ‘कोप्रायनस’ म्हणून आहेत. नव्या याद्यांत त्यांच्या चार प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) आणि दोन कुलं दिसतात. माझ्याकडे वाळवलेले नमुने, फोटो आणि 400 पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक आहे; डीएनए तपासणीची सोय नाही. वर्गवारी कशी करू?

बीजाणू_ठसा:
ही फाळणी 2001 ची. प्रजातीचं नाव टाइप जातीला (तिची नमुना ठरवलेली जाती) बांधलेलं असतं आणि कोप्रायनसची टाइप जाती आहे कोमेटस. डीएनएवरून ती अ‍ॅगॅरिकेसी कुलातली निघाली, त्यामुळे नावही तिच्यासोबत गेलं. मागे राहिलेल्या बहुतेक जाती सॅथिरेलेसी कुलात कोप्रिनॉप्सिस, कोप्रिनेलस आणि पॅरासोला अशा वाटल्या गेल्या. म्हणजे शाई होणं हे नात्याचं लक्षणच नव्हे.

कोमेटस आधी बाजूला काढा. उंच, खवलेदार टोपी, दांड्यावर सरकणारं कडं, आणि दांडा उभा चिरला की पोकळीत दोऱ्यासारखा तंतू. टोपीवर आवरणाचा (कोवळ्या अळिंबीला झाकणाऱ्या पडद्याचा) मागमूस नसेल, ती पातळ आणि छत्रीसारखी चुणीदार असेल, तर पॅरासोला (उदा. प्लिकॅटिलिस). अभ्रकासारखे चमकते कण असतील तर बहुधा कोप्रिनेलस मायकेशियसचा गट. केसाळ किंवा लोकरीसारखं आवरण असेल तर कोप्रिनॉप्सिस.

काचपट्टी:
कणांवर एवढा भरवसा नको. मायकेशियसचे कण म्हणजे आवरणातल्या गोल पेशी, आणि कोप्रिनॉप्सिस निव्हियाच्या आवरणातही गोल पेशी असतात. शिवाय पाऊस आवरण धुऊन टाकतो आणि मायकेशियस उघडाबोडका दिसतो. निर्णय टोपीच्या सालीवर घ्या: टोपीच्या मध्याजवळून ब्लेडने पातळ उभा काप, 3 ते 5 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर काच. वाळलेला काप फुगायला काही मिनिटं द्या. वरच्या थरात गोलसर, उभ्या पेशी दाटीने बसलेल्या असतील तर कोप्रिनेलस किंवा पॅरासोला. आडवे पसरलेले तंतू असतील तर कोप्रिनॉप्सिस. काप तिरका गेला की तंतूसुद्धा गोल दिसतात, म्हणून निदान तीन काप बघा.

मायकेशियस की त्याच्यासारखाच दिसणारा कोप्रिनेलस ट्रंकोरम, हे दांड्यावर ठरतं. मायकेशियसच्या दांड्यावर सूक्ष्म सिस्टिडिया (पृष्ठभागातून वर आलेल्या मोठ्या, वांझ पेशी) असतात, ट्रंकोरमचा गुळगुळीत. दांडा हाताळून पुसला गेला असेल तर हा पुरावा गेलाच.

पानथळ:
सॅथिरेला कॅन्डोलिआना नावाचे नमुने आहेत, तेही बदलायचे का?

बीजाणू_ठसा:
हो, 2020 मध्ये सॅथिरेलातून काही गट वेगळे काढले. ती जाती आता कॅन्डोलिओमायसेस कॅन्डोलिआनस. खूण म्हणजे गिलच्या (टोपीखालच्या पात्यांच्या) बाजूंवर सिस्टिडिया नसतात, फक्त कडेवर असतात.

काचपट्टी:
नव्या नमुन्यांसाठी: अर्धवट उघडलेली टोपीच घ्या आणि कागदावरचा बीजाणूंचा ठसा दोन-चार तासांत उचला. रात्रभर ठेवलीत तर कागदावर शाईचं डबकं मिळेल. वाळवताना 40 अंशांच्या आसपास कोरडी, वाहती हवा द्या. हळू वाळवलं तर वितळणं चालूच राहतं. पाकिटावर जुनं नावही राहू द्या. आणि चिठ्ठीवर ‘खाद्य’ लिहिताना जाती पक्की असू द्या: कोमेटसमध्ये कोप्रिन (मद्यासोबत त्रास देणारं द्रव्य) नसतं, कोप्रिनॉप्सिस अ‍ॅट्रामेन्टेरियात असतं. ती खाल्ल्यावर दोन-तीन दिवसांनी मद्य घेतलं तरी चेहरा लाल होणं, धडधड, मळमळ असा त्रास होऊ शकतो.