मिश्र शेतीची आखणी: आधी जनावरे ठरवावीत की चारा?

प्रश्न
माझी पाच एकर ओलिताची जमीन असून आजवर मी केवळ पिकेच घेत आलो आहे. आता चार दुभत्या गाई आणि काही शेळ्यांची जोड द्यावी, असा विचार आहे. वर्षातील आठ महिने पाणी मुबलक असते, उरलेले चार महिने मात्र जेमतेम पुरते. गोठा बांधण्यापूर्वी जनावरांची संख्या कशावरून ठरवावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १
संख्या टंचाईच्या चार महिन्यांवरूनच ठरवावी, कारण हिरवा चारा मुबलक असताना मांडलेला हिशेब पाणी आटले की कोलमडतो आणि मग जनावरे पडत्या भावाने विकावी लागतात. सुमारे ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला खुराकाशिवाय रोज साधारण २५ किलो हिरवा आणि ५ किलो वाळलेला चारा लागतो. टंचाईत प्रत्येकी रोज १५ किलो मुरघास (हिरवा मका बारीक कापून हवाबंद खड्ड्यात आंबवून टिकवलेला चारा) द्यायचा म्हटले, तरी चार गाईंना १२० दिवसांत ७,२०० किलो लागेल. नासाडी धरून आठ टनांची तयारी ठेवावी. नीट दाबून भरल्यास एका घनमीटरमध्ये ५०० ते ६०० किलो मुरघास मावतो, तेव्हा सुमारे १५ घनमीटरचा खड्डा पुरेल. एवढा मका पाणी असतानाच पिकवणे शक्य नसेल, तर दोनच गाई घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मका दाणे चिकात (दुधाळ) असताना कापावा आणि त्याची कुट्टी (बारीक तुकडे) मुठीत घट्ट आवळून पाहावी. पाणी ठिबकले तर ओल जास्त आहे, मूठ उघडताच ती विखुरली तर ओल कमी आहे. गोळा सावकाश सुटला, की खड्डा भरायला घ्यावा. हवा आत राहिली तर बुरशी धरते, म्हणून प्रत्येक थर तुडवूनच पुढचा टाकावा.

प्रतिसाद २
वरील हिशेबाशी सहमत आहे. मात्र शेताला परत काय मिळणार, याचीही आखणी आताच व्हावी. जनावराच्या मलमूत्रातील बहुतांश पालाश (पोटॅश, पिकांचे एक अन्नद्रव्य) मूत्रात असते आणि बहुतेक गोठ्यांत नेमके तेच वाया जाते. त्यामुळे गोठ्याच्या फरशीला उतार देऊन नाली थेट शेणखताच्या खड्ड्याकडे न्यावी. हे काम बांधकामानंतर करणे फार जिकिरीचे होते. धान्याचे वाण निवडतानाही केवळ धान्याचा उतारा न पाहता, जनावरांना चारा म्हणून लागणाऱ्या कडब्याची (वाळलेल्या ताटांची) प्रतही पाहावी.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. सुरुवात दोन गाईंनी करतो. शेळ्या त्यांच्याबरोबरच घ्याव्यात का?

प्रतिसाद ३
थोडे थांबावे. आधी बांधावर शेवरीसारखी चाऱ्याची झाडे लावून ती वाढू द्यावीत, कारण मोकळ्या शेळ्या कोवळी रोपे शिल्लक ठेवत नाहीत. दोन्ही गाईंच्या वेतांत (विण्यात) काही महिन्यांचे अंतर असावे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी भाकड (दूध न देणाऱ्या) राहणार नाहीत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कोवळ्या किंवा पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीत विषारी घटक असतो, म्हणून ती फुलोऱ्यापूर्वी कोणत्याही जनावरापुढे टाकू नये.