यंत्राने मारलेला तो शेरा का?

म्हापसेकरीण
ऑस्ट्रेलियातल्या 'रोबोडेट' प्रकरणावर दिवाळी अंकासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अंगाने लेख करतेय. तिथल्या सरकारने २०१६ पासून भत्ता घेणाऱ्यांमागे संगणक लावला. करखात्याकडून वर्षाचे उत्पन्न घ्यायचे, ते सगळ्या पंधरवड्यांत सारखे वाटायचे. माणसाने कळवलेल्या आकड्याशी मेळ बसला नाही की वसुलीची नोटीस. यंत्राने असा अर्ज तपासणीसाठी वेगळा काढला की त्याला मूळ इंग्रजी मजकुरात जागोजागी 'फ्लॅग' म्हटले आहे. मी 'अर्जावर शेरा मारला' असे केले. संपादक म्हणतात, 'संशयित ठरवले' लिहा. संशयित म्हटले की मला पोलीस चौकीच दिसते. काय लिहू?

फोंड्याचा कारकून
शेरा नको, बाय. जन्मभर शेरे मारलेत म्हणून सांगतो. फाइलच्या समासात दोन ओळी, खाली आद्याक्षरे आणि तारीख, तो शेरा. मामलेदाराने 'हा कोणाचा?' विचारले की एक माणूस उभा राहतो. यंत्राच्या शेऱ्याखाली सही कोणाची? 'खूण केली' म्हणा.

शुद्धमती
शेरा मुळात परका. अरबी 'शरह'वरून आलेला. 'अभिप्राय' हा आपला शब्द असताना उसनवारी कशाला?

डिचोलीकर
शरहचा शेरा झाला याला आधार काय? आणि यंत्राला अभिप्राय असतो? अभिप्रायाला आधी मत लागते.

त्यापेक्षा त्या पंधरवड्याचे बघा. माझा मावसभाऊ कळंगुटला किनाऱ्यावरच्या हंगामी खाणावळीत, शॅकवर असतो. ऑक्टोबर ते मे काम, पावसाळ्यात घरी. त्याची कमाई सव्वीस पंधरवड्यांत सारखी वाटली तर ऐन जुलैत, शॅक मोडून माडाच्या झावळ्या झाकून ठेवलेल्या असताना, तो कागदावर कमावता दिसेल. ही कृत्रिम बुद्धिमत्ता कसली? चौथीतला भागाकार!

म्हापसेकरीण
नेमके तेच झाले. हंगामी कामवाले सापडले. २०१९ मध्ये ही वसुली न्यायालयात बेकायदा ठरली, २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. खरे शिकणारे यंत्र नेदरलँड्समध्ये होते. बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांना ते जोखमीचे गुण द्यायचे आणि अर्जदार डच नागरिक नसेल तर गुण वाढायचे. त्या भत्त्याच्या घोटाळ्यावरून जानेवारी २०२१ मध्ये सरकारने राजीनामा दिला. तिथेही 'फ्लॅग'च आहे हो.

सत्तरीचा मास्तर
'लाभार्थी' लिहिलेत की नाही? नसेल तर लिहू नका. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, तसा लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. म्हणजे ज्याचा अर्ज पडून आहे तो. ज्याच्या खात्यात पैसे पडले तो लाभधारक. सरकारी जाहिरातीत 'इतक्या लाभार्थींना लाभ मिळाला' वाचले की मला हसू येते.

डिचोलीकर
मास्तर, परीक्षार्थी नापास झाला तरी परीक्षार्थीच. आणि लाभधारक ऐकले की शेअर बाजार आठवतो. लोक यातले काहीच म्हणत नाहीत. वाड्यावर विचारतात, 'दयानंदाचे दुडू आयले?' म्हणजे पैसे आले का. गोवा सरकारच्या गृह आधाराचे दीड हजार असोत की दयानंद सामाजिक सुरक्षेचे दोन हजार, बोलताना योजनेचे नावही आखडते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब, म्हणजे दयानंद बांदोडकर, यांच्या नावाची योजना आहे हे नव्या पोरांना माहीतही नसेल.

शुद्धमती
लोक म्हणतात म्हणून 'स्कीम' छापायचे का? सावरकरांच्या 'दिनांक'ला आणि 'महापौर'ला लोक आधी हसलेच होते. आज तेच शब्द बिनबोभाट चालतात.

डिचोलीकर
चालले तेवढेच आठवतात. पडलेल्यांची यादी कोण ठेवतो?

सत्तरीचा मास्तर
आमच्या आजीच्या तोंडी 'पेन्सांव' होते. पोर्तुगीज गेले, तो शब्द राहिला. 'निवृत्तिवेतन' घरात कोणी उच्चारल्याचे आठवत नाही. तिला तर कसलीच निवृत्ती नव्हती, मरेपर्यंत पोफळीच्या कुळागरात.

फोंड्याचा कारकून
'हक्कदार' का नको? भत्ता कायद्याने द्यायचा असेल तर तो मागणारा याचक नव्हे. महाराष्ट्राने रोजगाराला 'हमी' म्हटले, मदत नाही म्हटले. १९७७ चा कायदा. त्या एका शब्दात वजन होते.

शुद्धमती
हक्क अरबी.

फोंड्याचा कारकून
मग 'हयातीचा दाखला'ही अरबी. दर वर्षी देताना कधी अडला नाही.

म्हापसेकरीण
आता त्याचेही 'जीवन प्रमाण' झालेय. २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरूनही होते. माझ्या सासूबाईंचा चेहरा दोनदा जुळला नाही. शेवटी खिडकीजवळ खुर्ची ओढली, चष्मा काढला, तेव्हा कुठे त्या हयात ठरल्या.

डिचोलीकर
'जीवन प्रमाण' म्हणजे काय? किती टक्के जिवंत ते?

शुद्धमती
प्रमाण म्हणजे पुरावाही. प्रत्यक्ष प्रमाण, अनुमान प्रमाण. कोश उघडा जरा.

डिचोलीकर
उघडतो. पण बँकेच्या खिडकीवर 'प्रमाण द्या' म्हटले तर माझी आई मिठाचे सांगेल.