मदत हवी आहे : अपंग व्यक्तीचे रक्तदान नाकारता येते का?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तो उजव्या पायाला कॅलिपर (आधाराची चौकट) लावतो. वय ३४, वजन ६२ किलो, एरवी प्रकृती ठणठणीत. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या रक्तदान शिबिरात त्याने अर्ज भरला, बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सरळ तळाशी गेला, म्हणजे हिमोग्लोबिनही पुरेसे होते, पण खाटेवर चढताना कॅलिपरचा खटका वाजला आणि तिथल्या डॉक्टरांनी "तुम्ही कशाला त्रास घेता?" असे म्हणून त्याला परत पाठवले. बोलण्यात सौजन्य होते, हेच जास्त लागले.

राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दात्याशी स्पष्ट व गोपनीय संवाद साधता येत असेल आणि प्रक्रिया समजून घेऊन तो संमती देत असेल, तर अपंग व्यक्तीलाही रक्तदान करता येते. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसारखे रक्ताचे आजारही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अपंगत्वात मोडतात आणि तिथे नकार देणे योग्यच आहे. परंतु जुन्या पोलिओचा रक्ताशी काय संबंध?

रक्तपेढीत काम करणाऱ्या सदस्यांनी कृपया सांगावे, की नकाराचे कारण लेखी मागता येते का आणि तक्रार कोणाकडे करावी. कॅलिपर किंवा चाकाची खुर्ची वापरून कोणी रक्तदान केले असल्यास तो अनुभवही जरूर लिहावा, कारण भाऊ पुन्हा जायला तयार नाही.